म्हणे बॅटरी गेली!

टक्. बस, एवढंच. सकाळी घाईत किल्ली फिरवायची आणि आतून टक्! पुन्हा फिरवा, पुन्हा टक्. इंजिन ढिम्म. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला माझा संताप समजावून सांगायची गरज नाही.

पण माझा राग गाडीवर नाहीच मुळी. गाडी बिचारी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. राग आहे तो बोनेट उघडायच्या आधीच "बॅटरी गेली" असा निकाल देणाऱ्या प्रत्येकावर. शेजारी म्हणाले बॅटरी. मेव्हणा फोनवरून म्हणाला बॅटरी. रस्त्याने जाणारा एक गृहस्थ, ज्याला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, तोही थांबून "बॅटरीच असणार" म्हणून पुढे गेला. अरे, मीटर लावला का कुणी? दोन वायरी टेकवायच्या आणि आकडा वाचायचा, एवढंच तर काम! उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, 12 च्या खाली गेले तर रिकामी. पण नाही, अनुभव आहे ना सगळ्यांना!

मग दुसऱ्या गाडीची बॅटरी माझ्या गाडीला जोडायला जंपर केबल आल्या. लाल पकडी दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला, काळी एक त्या दुसऱ्या गाडीच्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटची माझ्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडालीच तर बॅटरीपासून लांब उडावी म्हणून ती तिथेच लावायची असते, अगदी बरोबर. एका फटक्यात गाडी चालू. "बघा, म्हटलं नव्हतं?" सगळे विजयी मुद्रेने घरी. मी मुकाट्याने नवी बॅटरी बसवली, जुनी देऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी टक्.

आता निकाल बदलला. "सेल्फ गेला." म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर. बरं, या अंदाजात निदान थोडा तरी अर्थ होता. बॅटरी उतरली की सहसा टकटकटकटक असा झपाट्याने आवाज येतो. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला वीज जोडणारा चुंबकी खटका, ओढला जातो, त्या ओढीने व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, तो पुन्हा ओढला जातो. माझ्याकडे एकच ठसठशीत टक् होती आणि किल्ली फिरवताना पुढचे दिवे जराही मंद होत नव्हते. बॅटरी मेली असती तर ते विझायलाच आले असते. हे पहिल्याच दिवशी दिसत होतं हो! मलाही दिसत होतं. पण इतक्या जाणकारांपुढे तोंड कोण उघडणार?

सेल्फ बदलला. तो काढता-घालताना इंजिनच्या आसपास भरपूर हलवाहलव झाली आणि गाडी आठवडाभर गुणी बाळासारखी चालली. मग एका संध्याकाळी, सामानाच्या पिशव्या, मागच्या सीटवर झोपलेलं मूल आणि... टक्.

त्या रात्री मीच मल्टिमीटर घेऊन बसलो. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला, आणि बायकोला म्हटलं किल्ली फिरव. तिथे फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा. आकडा चारच्या वर! म्हणजे इंजिनकडून बॅटरीकडे परतायच्या वाटेवरच वीज अडत होती. खाली वाकून पाहिलं तर बॉडीवरून इंजिनला जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी गंजून हिरवी पडलेली, चार तारांवर लटकलेली. दिवे बॉडीच्या अर्थिंगवर चालतात, त्यामुळे ते झकास पेटत होते. सेल्फला मात्र शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते त्या चार तारांतून कसे जाणार?

आणि आता खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. जंपर लावल्यावर गाडी चालू झाली ती माझी बॅटरी कमजोर होती म्हणून नव्हे. काळी पकड थेट इंजिनला लावल्याने वीज त्या सडक्या पट्टीला वळसा घालून परतली, म्हणून! ज्या गोष्टीवरून सगळ्यांनी बॅटरीला फाशी दिली, तिने बॅटरीचा गुन्हा सिद्धच होत नव्हता. कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, म्हणून तर जास्त जळफळाट!

पट्टी बदलायला, बोल्टखालचा गंज आणि रंग खरवडण्यासकट, वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! त्यासाठी मी एक धडधाकट बॅटरी आणि बहुधा तितकाच धडधाकट सेल्फ देऊन बसलो.

सेल्फ बदलणाऱ्याला फोन करून हे सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणतो, "पण आता होतेय ना चालू?"