तुरुंगातला गोठा

खुल्या कारागृहातले कैदी गायी सांभाळतात अशी बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. काका लिहितात, "खून करून आलेल्यांचे हे लाड कशाला? खडी फोडायला लावा." पुण्याचा भाऊ म्हणतो, "परदेशात बघा, कैद्याला माणूस म्हणून वागवतात." मग माझं मत विचारलं जातं, कारण मी कॅनडात किंग्स्टनला राहते आणि या गावाची ओळखच तुरुंगांचं गाव अशी आहे. माझं दोघांशीही पटत नाही.

भाऊ ज्या कॅनडाचा दाखला देतो, त्याच कॅनडाने २०१० मध्ये आपल्या सहाही तुरुंगशेतींना टाळं लावायला घेतलं. तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारचं म्हणणं होतं, तोटा होतो आणि सुटल्यावर शेतीत काम धरणारा कैदी शंभरात एकही सापडत नाही. इथल्या फ्रॉन्टेनॅक तुरुंगाच्या गायी न्यायला ऑगस्टमध्ये ट्रक आले, तेव्हा गावकरी रस्त्यात आडवे आले. २४ जणांना अटक झाली. गायी गेल्याच. मग लोकांनी तीनशे-तीनशे डॉलरचे शेअर काढून सहकारी संस्था उभी केली, लिलावात त्यातल्या काही गायी सोडवल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांत सांभाळल्या. मी सांगली जिल्ह्यातली, सहकारात वाढलेली. हे कळलं तेव्हा माझा ऊर भरून आला. २०१८ च्या अर्थसंकल्पात किंग्स्टनच्या दोन शेतींसाठी पुन्हा पैसे मंजूर झाले.

शेतीत नोकरी किती जणांना लागली, हे मोजमापच मला चुकीचं वाटतं. काकांनी स्वतः म्हशी पाळल्यात, त्यांना हे कळायला हवं. रागाने कासेला हात लावला की जनावर पान्हा चोरतं. सड धुवायचे, पहिल्या धारा वेगळ्या काढून दुधात गाठी आहेत का बघायचं, दगडीची, म्हणजे कासेच्या आजाराची, शंका आली तर वेळेत सांगायचं, वासरू जन्मलं की दोन-चार तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. पहाटेची धार चुकली तर संध्याकाळी कास तटतटते. तुरुंगात दार कधी उघडायचं, जेवायचं कधी, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसरे ठरवतात. गोठ्यात मात्र एक मुका जीव त्या माणसावाचून अडतो. वर्षानुवर्षं कोणी ज्याच्यावर विसंबलं नाही, त्याला हे पेलायला लावणं म्हणजे लाड, असं मला वाटत नाही. खडी फोडणाऱ्याला एवढी जबाबदारी कधीच येत नाही.

आणि यासाठी परदेशाकडे बघायची गरज काय? औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंती नसलेल्या त्या वसाहतीत कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले. आमच्याच जिल्ह्यातली ही गोष्ट ग्रुपवर कोणालाच आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

किंग्स्टनकडून घ्यायचा तो सावधपणा. शेती परत आली ती दुधाच्या शेळ्यांचा मोठा बेत घेऊन. गावात तेव्हा एका चिनी कंपनीचा बालदुधाच्या भुकटीचा कारखाना उभा राहत होता. कैद्यांच्या स्वस्त मजुरीवर काढलेलं शेळ्यांचं दूध तिथे जाणार, अशी शंका आली आणि विरोध झाला. शेवटी शेळ्यांचा बेत मागे पडला. इथल्या कैद्याची जास्तीत जास्त मजुरी दिवसाला ६.९० डॉलर, १९८१ पासून तेवढीच. २०१३ मध्ये त्यातूनही ३० टक्के कापायला सुरुवात झाली, तेव्हा कैद्यांनी संप केला.

म्हणून महाराष्ट्रात नवा गोठा बांधण्याआधी मजुरी ठरवा, दूध कुठे जाणार ते लिहून काढा आणि जनावरं एका माणसाला झेपतील तेवढीच ठेवा. आपल्या देशातले चारातले तीन कैदी कच्चे कैदी आहेत. खटलाच संपलेला नाही, त्यामुळे खुल्या कारागृहाचं दार त्यांना बंदच. काकांनी आणि भावाने एकदा त्यांच्याबद्दलही भांडावं.