लघवीतलं प्रोटीन मुतखड्याचं बी नाही, दूध सोडू नका

‘लघवीतलं प्रोटीन हेच मुतखड्याचं बी. डाळ, दूध, अंडी बंद करा, खडा आपोआप विरघळेल.’ हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर आला आणि खड्याचा त्रास असलेल्या काकूंनी दूध सोडलंसुद्धा!

ताटातलं प्रोटीन जसंच्या तसं लघवीत उतरत नाही, ते आधी पचतं. निरोगी लघवीत सर्वांत जास्त असणारं प्रोटीन म्हणजे युरोमोड्युलिन. १९५० मध्ये टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांनी वेगळं काढलेलं हे प्रोटीन मूत्रपिंड स्वतःच बनवतं. कॅल्शियम ऑक्झलेटचे (बहुतेक मुतखडे याच क्षाराचे असतात) बारीक स्फटिक निरोगी माणसाच्याही लघवीत सापडतात. ऋणभार असलेलं हे प्रोटीन त्यांच्यावर बसतं, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत, वाहून जातात. हे प्रोटीन बनवणारं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात स्फटिक साचले. बी काढलं तर पीक आलं, असं हे बी!

खड्यात प्रोटीन सापडतं हे खरं, वजनाच्या दोन-तीन टक्के. लघवी घट्ट, आम्ल आणि खारट झाली की युरोमोड्युलिनचे रेणू आपसातच गुंततात. मग स्फटिक उघडे पडतात आणि तोच गुंता त्यांना चिकटवतो. उपाय पाण्याचा: दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पिण्याचं पाणी मोजू नका, उन्हात राबणाऱ्याचं बरंचसं घामात जातं. (हृदय किंवा किडनी निकामी होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

सगळ्यात घातक सल्ला दूध सोडण्याचा. आतड्यात दुधातलं कॅल्शियम हे पालकासारख्या भाज्यांतून आलेल्या ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. दूध-दही बंद केलं की ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात आणि तिथून लघवीत जातं. इटलीत बोर्गी या संशोधकांनी लघवीत कॅल्शियम जास्त जाणाऱ्या, वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास केला, तो २००२ मध्ये छापून आला. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी, अशा ६० पैकी १२ जणांना. तेव्हा पालकाच्या भाजीबरोबर वाटीभर दही घ्या. कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणाबरोबर, उपाशीपोटी नाही.

रोज भरपूर मटण-चिकन खाल्लं तर लघवीत यूरिक ॲसिड वाढतं, खडा रोखणारं सायट्रेट घटतं, एवढं मान्य. वाटीभर वरणाला त्यात ओढू नका.

‘फेस म्हणजे खडा’ हेही चूक. फेस रोज टिकून राहत असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) तपासा, ती मूत्रपिंडाच्या गाळणीची तक्रार असू शकते. पानफुटी, बिअर यांनी कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळत नाही. औषधाने विरघळतो तो बहुधा यूरिक ॲसिडचा. म्हणून पडलेला खडा फेकू नका, डबीत घालून प्रयोगशाळेत द्या.