चटईक्षेत्र आणि भिंतक्षेत्र

घरबांधणी आणि घरविक्रीसाठीच्या 2016 च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची, म्हणजे कार्पेट एरियाची, जी व्याख्या केली आहे, तिच्यात सदनिकेच्या बाहेरच्या भिंतींची जाडी धरलेली नाही. घरातल्या मधल्या भिंतींची मात्र धरलेली आहे. म्हणजे हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या ज्या 4 इंचांत मी आजवर कधी उभा राहू शकलो नाही आणि पुढेही राहण्याची शक्यता नाही, त्या 4 इंचांचे पैसेही मी चौरस फुटाच्या भावाने मोजलेले आहेत. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या वन बीएचकेचा करारनामा वाचताना हे ध्यानात आले आणि तेव्हापासून ती मधली भिंत मला कर्ज बुडवून निवांत उभ्या असलेल्या ऋणकोसारखी दिसू लागली. तिने मुद्दल नाही तर निदान व्याज म्हणून मिक्सरचे खोके तरी अंगावर घ्यावे, असे माझे म्हणणे होते.

हिशेब माझ्या बाजूने होता. 10 बाय 12 च्या हॉलची जमीन 120 चौरस फूट. पण 9 फूट उंची धरली तर त्याच हॉलच्या भिंती 396 चौरस फूट भरतात. जमिनीच्या तिपटीहून जास्त जागा चहूबाजूंनी मोकळी उभी असताना आम्ही सोफ्याखाली कांदे ठेवत होतो. हा हिशेब मी रात्रीच्या जेवणाला सर्वांपुढे मांडला. सौभाग्यवतींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "अहो, यातून खिडकी वजा केलीत का?"

वजाबाकी सुरू झाली ती थांबेना. खिडकी गेली, दारे गेली, दाराचा पल्ला उघडून जिथे टेकतो ती जागा गेली, टीव्ही आणि कपाट यांच्या मागचा भाग गेला. पश्चिमेची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, त्यामुळे तिथे फळी ठोकली तर फळीमागे बुरशीची स्वतंत्र शेती होते. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर प्लॅस्टरच्या आत तारा असतात आणि मोरीला लागून असलेल्या भिंतीत नळ, तेव्हा त्या पट्ट्यांत ड्रिल चालवणे म्हणजे अंधार किंवा पूर यांपैकी एकाची निवड करणे. कोपऱ्यातले कॉलम आणि वरचा बीम काँक्रीटचे. त्यांच्यापुढे घरगुती ड्रिल नुसते ओरडते. हे सगळे जाऊन जी चांगली, कोरडी, निर्धोक भिंत उरली, तिच्यावर आईचे देवघर आणि कॅलेंडर होते.

शेवटी मिस्त्री आले. त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली आणि निदान केले, "साहेब, ही ब्लॉकची भिंत आहे. स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती साधी गिट्टी हिच्यात नाही टिकायची." सिमेंट, चुना आणि राख यांच्या हलक्या ब्लॉकच्या पोटात हवेचेच बुडबुडे फार असतात, म्हणून त्यांत लांब स्क्रू आणि वेगळी गिट्टी लागते, वरचे अर्ध्या इंचाचे प्लॅस्टर फोटोच्या चौकटीपलीकडे काही पेलत नाही. शिवाय फळी जितकी रुंद, तितका तिचा भार भिंतीपासून लांब जातो आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. "6 इंची फळी ही फळी असते," मिस्त्री म्हणाले, "फुटाची केली की ती पहार होते." तरफेचा नियम मला शाळेत इतक्या स्वच्छ भाषेत कोणी शिकवला नव्हता.

जुन्या नाशकातल्या वाड्यांना हा ताप नव्हता. तिथल्या भिंतीच हातभर जाड. त्यांच्या पोटात कोनाडे आणि फडताळे मावत आणि तरीही पलीकडच्या बिऱ्हाडाचे बोलणे अलीकडे येत नसे. आमच्या भिंतीतून शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. तिला कोनाडा पाडला तर तो थेट त्यांच्या स्वयंपाकघरात उघडेल.

तरीही फळ्या बसल्या आणि खरा तंटा मग सुरू झाला. हात सहज पोहोचेल एवढ्या उंचीचा पट्टा हा आमच्या घरातला सर्वांत महागडा भूखंड ठरला. त्यावर सौभाग्यवतींनी डब्यांसाठी हक्क सांगितला. आईने भांडीबाजारातून कोणे एके काळी घेतलेल्या तांब्यापितळेच्या वस्तूंसाठी सांगितला. घंगाळ वापरात नाही, हे आई मान्य करते, पण ते माळ्यावर टाकणे तिला मान्य नाही. परिणामी ते आता मजबूत कड्यांना टांगून हॉलमध्ये विराजमान आहे. चिरंजीवांच्या बॅटीने आणि गिटारने दाराजवळची जागा बळकावली. माझ्या पुस्तकांना 7 फुटांच्या वरचा प्रदेश मिळाला. तिथे पोहोचण्यासाठी स्टूल आणावे लागले, स्टुलाला जमिनीवर जागा नव्हती म्हणून ते घडीचे घेतले, आणि ते टांगायला भिंतीवर आणखी एक खुंटी मारावी लागली. सोफ्याखालची जागा सुटली खरी. पण तिथे आता फळ्यांच्या उरलेल्या प्लायचे तुकडे आहेत, कारण मिस्त्रींच्या मते ते "कधी ना कधी लागतातच".

अशातच 2027 च्या सिंहस्थाचे वेध लागले. 2015 च्या सिंहस्थात आमचे नातेवाईक किती आहेत याची पहिली मोजदाद झाली होती. या खेपेला त्यांच्या सुनाजावयांची भर पडलेली आहे. फोन सुरू झाले, तसे सौभाग्यवतींनी भिंतीला उभा दुमडणारा पलंग करून घेण्याचे सुचवले. मिस्त्री पुन्हा फीत घेऊन आले. एवढा भार मधल्या 4 इंची भिंतीवर नको, बाहेरची जाड भिंत हवी, असे त्यांनी सांगितले; आणि बाहेरच्या भिंतींपैकी जी ओल धरत नाही, तिच्या नेमक्या मध्यावर घंगाळ होते.

"आजी, हे उतरवू का?" मिस्त्रींनी विचारले.

"पाहुणे आंघोळीलाच येणार आहेत ना?" आई म्हणाली. "मग झोपायचं बघा कुठेतरी. घंगाळ लागेल."