बदलता येतं, पण बदलतं कोण?

'सेटिंग कधीही बदलता येते, मग सुरुवातीला ती चालू आहे की बंद, याने काय फरक पडतो?' हा अ‍ॅपमधल्या मूळ सेटिंगबद्दलच्या लेखातला मुद्दा मला अजिबात पटला नाही. माझ्या आईने तीन वर्षांत सेटिंगचं ते दातेरी चाक एकदाही दाबलं नव्हतं. दाबलं आणि काही बिघडलं तर? परवा मी उघडून पाहिलं, तर एका खरेदीच्या अ‍ॅपने सात प्रकारच्या सूचना आपणहून चालू ठेवलेल्या. दुपारी जरा डोळा लागला की टिंग!

विंडोज एक्सपी आठवा. फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून होणारी घुसखोरी अडवणारी भिंत, त्यात २००१ पासून होती, पण बहुतेकांकडे बंदच असायची. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म हा इंटरनेटवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम आला. साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार असं सांगणारी ती चौकट आणि उलटे पळणारे आकडे मी स्वतः पाहिलेत. पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटमध्ये तीच फायरवॉल मुळातच चालू करून दिली. काही जुने प्रोग्रॅम अडले, लोक वैतागले, पण निर्णय योग्यच होता.

संरक्षण देणारं ते चालू, माहिती काढून घेणारं ते बंद, असं माझं सरळ मत आहे. अडचण येते ती व्हॉट्सअ‍ॅपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपसारख्या, म्हणजे मेसेजच्या कुलूपबंद प्रतीसारख्या ठिकाणी. २०२१ मध्ये ती सोय आली, पण आपण चालू करायची. फोन हरवला आणि पासवर्डही विसरला, तर बॅकअपमधले सगळे जुने मेसेज गेले. तिथे मात्र आधी विचारायलाच हवं, आणि तेही आईला कळेल अशा मराठीत.