समुद्र नको, पण वाढदिवस आवरा!

दरवर्षी तेच! वाढदिवस माझा आणि कुठे जायचं ते ठरवणार ग्रुपमधले बाकीचे पाच. नाशिकहून दमण म्हटलं की 'पेठचा घाट लागतो, उलट्या होतात.' डहाणू म्हटलं की 'तिथे करायचं काय?' अरे, समुद्र आहे तिथे, समुद्र! अलिबाग तर कसारा घाटाच्या नावानेच बाद. पहाटे ५ ला निघायचं ठरतं. ८ ला एकाचा मेसेज, 'आंघोळीला चाललोय.' मग मिसळ, तर्री दोनदा, पापड वेगळा. ११ वाजलेच! 'आता उन्हात कुठे जायचं?' म्हणत गाडी वळते गंगापूर धरणाकडे. पाणीच हवं होतं ना तुला? घे! गेल्या वर्षी डिकीतला केक झाकणाला चिकटला, माझ्या नावाचा काना पुसून. फोटोखाली मात्र यांनीच लिहिलं, 'बीच व्हाइब्स'. कसला डोंबलाचा बीच? मागे म्हैस डुंबत होती!