किंकाळ्या सोडा, ड्रम ऐका

"बीटल्स म्हणजे केस वाढवलेली चार पोरं आणि पोरींच्या किंकाळ्या, बाकी सगळी जाहिरातबाजी," असं या इंग्लिश रॉक बँडबद्दल एकांनी ठोकून दिलंय, वर त्यांचा ड्रमर रिंगो म्हणजे 'नशिबानं लागलेली लॉटरी' असंही. १९६४ पुरतं बोलत असाल तर अर्धं मान्य. पण मग १९६६चा 'रिव्हॉल्व्हर' अल्बम तुम्ही ऐकलाच नाही म्हणायचं. त्यातलं शेवटचं गाणं 'टुमॉरो नेव्हर नोज' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीलाच आपला तंबोरा! आणि रिंगोचा तो ठेका... मोठ्या ड्रममध्ये चक्क लोकरीचा स्वेटर कोंबला होता आणि माइक अगदी जवळ सरकवला होता. हे उद्योग करणारा इंजिनिअर जेफ एमेरिक तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. आवाज रेकॉर्ड केलेल्या टेपचे तुकडे गोल चिकटवून मशीनवर फिरवायचे, आणि त्या पट्ट्या ताणून धरायला स्टुडिओतली माणसं पेन्सिली घेऊन उभी. त्यालाच लूप म्हणतात, म्हणजे तोच आवाज पुन्हा पुन्हा; आज शेंबडं पोरगंही मोबाइलवर करतं. वारसा म्हणजे आणखी काय असतं हो? बीटल्सपैकी मॅकार्टनीची काही गाणी मलाही पाकातल्या पुरीसारखी गोडमिट्ट लागतात, ते सोडा. रोलिंग स्टोन्स हा दुसरा बँड आवडतो तर खुशाल ऐका, मीही ऐकतो. फक्त रिंगोला 'नशिबानं लागलेली लॉटरी' म्हणू नका, तेवढं सहन होत नाही.