ती साइट फुकट चालत नाही

काल रात्री पावणेदोन वाजता फोन वाजला. मालेगावहून आमच्या जुन्या रेडिओंच्या साइटचा एक सभासद. "साहेब, साइट उघडत नाहीये. उद्या सकाळी रेडिओ द्यायचाय गिऱ्हाईकाला, सर्किट बघायचं होतं." मी नाशिकला, सातपूरच्या कंपनीत सकाळच्या पाळीला जातो, साडेपाचला उठतो. तरी उठलो, लॅपटॉप उघडला, सर्व्हरवर गेलो, तीन वाजेपर्यंत खटपट करून साइट उभी केली आणि त्यांना मेसेज टाकला. उत्तर आलं, "ओके". बस्स. या माणसाने चौदा वर्षांत एक रुपया दिलेला नाही. मी यादी काढून पाहिली. नाही म्हणजे नाही.

आज मी चिडलो आहे आणि ते सांगणार आहे.

२०११ साली आम्ही पाच-सहा जणांनी जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंसाठी मराठीत एक चर्चेची जागा उभी केली. मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको, एचएमव्ही, ज्याच्या घरात जे धूळ खात पडलं होतं ते दुरुस्त कसं करायचं, एवढाच उद्देश. इंग्रजीत अशा जागा भरपूर होत्या, पण सांगली-कराडकडच्या मेकॅनिकला इंग्रजीतून विचारायला अवघड वाटायचं. मराठीत लिहिता येतं म्हटल्यावर लोक आले. आज नोंदणी केलेले चार हजारांवर सभासद आहेत. आणि गेल्या वर्षी वर्गणी दिली एकतीस जणांनी.

एकतीस. जमा झाले ११,६५० रुपये. खर्च झाला ३९,१००. वरचे २७,४५० माझ्या पगारातून गेले.

आता एक महाशय विचारतात, "सर, एवढे पैसे कुठे जातात, हिशेब टाका." हिशेब मागणाऱ्याचा मला राग नाही, हिशेब मागितलाच पाहिजे. पण हे गृहस्थ त्या एकतीस जणांत नाहीत! आणि दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून अठरा हजारांना मर्फी आणल्याचे फोटो टाकले होते. अकरा फोटो, प्रत्येक सहा-सात एमबीचा. ते फोटो कुठे राहतात असं त्यांना वाटतं? हवेत?

घ्या हिशेब. सर्व्हर महिन्याला २४ डॉलर. डॉलर पंच्याऐंशीच्या वर गेलाय, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,९००. आम्ही सुरुवात केली तेव्हा डॉलर पन्नासच्या घरात होता, म्हणजे मी काहीही वाढवलं नसतं तरी खर्च वाढलाच असता. बॅकअपची जागा वेगळी, वर्षाला ६,०००. ती वेगळ्या कंपनीकडे ठेवली आहे, कारण दोन्ही एकाच ठिकाणी ठेवून एकदा हात पोळून घेतलेत. साइटचं नाव दरवर्षी १,२००. आणि ईमेल पाठवण्याची सेवा ३,०००. हा शेवटचा खर्च ऐकून लोक म्हणतात, ईमेलला कसले पैसे? अहो, तुम्ही पासवर्ड विसरता ना दर पंधरा दिवसांनी? तो बदलायची लिंक सर्व्हरवरून थेट पाठवली की सरळ स्पॅममध्ये जाते. बऱ्याच होस्टिंग कंपन्या तर थेट मेल पाठवण्याचा दरवाजाच बंद ठेवतात. मग मधली सेवा विकत घ्यावी लागते. लिंक आली नाही की शिव्या मला.

यात माझे तास धरलेले नाहीत.

सुरुवातीला शेअर्ड होस्टिंगवर होतो, म्हणजे एकच सर्व्हर बऱ्याच साइटांनी मिळून वापरायचा. पहिल्या वर्षाला १,९९९ रुपये, मोठ्या लाल अक्षरात. दुसऱ्या वर्षी त्याच जागेचे साडेसहा हजार. जाहिरातीखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं म्हणे. "अमर्याद जागा" असंही लिहिलं होतं, आणि फोटो आठ जीबीच्या पुढे गेल्यावर त्यांचं पत्र आलं की तुमचा वापर इतरांना त्रासदायक ठरतोय. मग अमर्याद कशाला म्हणता? सरळ आठ म्हणा, आम्ही आठ समजून घेऊ. तिथून डेटा हलवताना सगळं मराठी लिखाण फुटलं. 'म' च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग कसलंसं चलनाचं चिन्ह. चार वर्षांचं लिखाण, अठरा हजार नोंदी, सगळीकडे तीच खिचडी. दोन रविवार आणि एक दिवाळीचा पाडवा त्यात गेला.

आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्याचे नियम बदलले तेव्हा परदेशी कंपनीचं बिल कापलंच जाईना. मी गावाला होतो, वडिलांचं ऑपरेशन होतं. परत आलो तर सर्व्हर निलंबित, आणि फोनवर चाळीस मेसेज. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की सगळं ठीक आहे ना. सगळ्यांचा प्रश्न एकच, साइट कधी सुरू होणार?

पण गेल्या दीड-दोन वर्षांत जे चाललंय त्यापुढे हे काहीच नाही. कालची साइट कशामुळे पडली माहिती आहे? माणसांमुळे नाही. आमच्याकडे दिवसाला तीनशे माणसं येत असतील. मी रात्री लॉग, म्हणजे कोण काय मागतंय त्याची सर्व्हरवरची नोंद, उघडला तर सेकंदाला तीस-चाळीस विनंत्या, प्रत्येक इंटरनेटवरच्या वेगळ्या पत्त्यावरून. कोणी २०१३ सालचा चर्चेचा धागा तारखेनुसार मागतंय, तोच धागा पुन्हा नावानुसार, तोच पुन्हा उलट क्रमाने. माणूस असं वाचत नाही. हे एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. रोबोट्सची फाइल लिहून ठेवली आहे, आत येऊ नका म्हणून. पण ती पाळणं ऐच्छिक आहे, १९९४ पासून ती पद्धत सभ्यतेवरच चालत आली आहे, आणि हे सभ्य नाहीत. अशा पत्त्यांची एक रेंज बंद केली की दुसऱ्या देशातून येतात. डेटाबेस गुदमरतो, मेमरी संपते, आणि मालेगावच्या माणसाला सर्किट दिसत नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर सांगितलं की त्यांच्याकडची सगळ्यात महाग पडणारी जी वर्दळ आहे त्यातली ६५ टक्के बॉटची असते. त्यांच्याकडे इंजिनिअरांची फौज आहे. माझ्याकडे मी आहे, सकाळच्या पाळीच्या आधी.

म्हणजे जगातल्या श्रीमंत कंपन्यांनी आमच्या मेकॅनिकांचं ज्ञान फुकट उचलायचं, आणि ते उचलण्याचं भाडं नाशिकच्या एका नोकरदाराने भरायचं. दोन वर्षांपूर्वी १२ डॉलरचा सर्व्हर पुरत होता. तो २४ चा का झाला, ते आता तरी कळलं असेल.

हे सगळं सांगितलं की सल्ले सुरू होतात. पैसे कोणी देत नाही, सल्ले सगळे देतात. "जाहिराती लावा ना सर." लावल्या होत्या, आठ महिने. शंभर डॉलर जमल्याशिवाय हातात काही येत नाही, आणि आमचे शंभर जमायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत सभासदांच्या तक्रारी किती? सर्किटच्या मधोमध केस गळण्याच्या तेलाची जाहिरात येते म्हणून. बरोबरच होतं त्यांचं, मलाही ते बघवत नव्हतं, म्हणून काढल्या. काढल्यावर त्यांतल्या एकाने तरी पन्नास रुपये पाठवावेत?

दुसरा सल्ला, "व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, फुकट आहे." हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. आमचे तीन ग्रुप आहेतच. तिथे काय होतं? सकाळी दीडशे सुप्रभात, दुपारी एकाचा प्रश्न, संध्याकाळपर्यंत तो प्रश्न चारशे मेसेजांखाली गाडला गेलेला. पुढच्या आठवड्यात दुसरा तोच प्रश्न विचारतो. सहा वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर तिथे कोण शोधणार, आणि फोन बदलल्यावर ते कोणाकडे उरणार? आणि फुकटच्या जागांचं काय होतं ते आपण पाहिलंय. फुकट वेबसाइट काढून देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. ऑर्कुटवर आपल्या मराठी लोकांनी किती लिहिलं होतं! मालक दुसरा असला की टाळं कधी लावायचं ते तोच ठरवतो.

मी हे का सोडून देत नाही, ते सांगतो.

कराडचे एक मेकॅनिक काका होते. १९६८ पासून दुकान. रेडिओची सुई ज्या दोऱ्यावर सरकते तो डायल कॉर्ड तुटला की तो पुन्हा कसा ओवायचा, हे कुठल्याच सर्किटमध्ये नीट नसतं. कुठल्या पुलीवरून किती वेढे, स्प्रिंग कुठे, स्टेशन लावणारा गँग कंडेन्सर पूर्ण बंद ठेवायचा की उघडा. काकांनी कॅलेंडरच्या पानांच्या मागे बॉलपेनने अठ्ठावीस मॉडेलांची चित्रं काढली. वेढ्यांच्या दिशेला लाल बाण, गाठ जिथे मारायची तिथे एक फुली, आणि बाजूला "ताण बघून, फार ओढू नये". नातवाने फोटो काढून टाकले. सोबत काकांनी सांगितलेला लांबलचक मजकूरही त्यानेच टाइप केला. सुरुवातीला लिहिलं "नमस्कार मंडळी" आणि पुढे हात जोडल्याची इमोजी. पाठवल्यावर दिसलं फक्त "नमस्कार मंडळी". बाकी सगळं गायब. कारण देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं आणि इमोजी चार बाइटची, आणि आमच्या तेव्हाच्या डेटाबेसची अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८, तीनच बाइटपर्यंत घेत होती. चौथा बाइट आला की तिथून पुढचं सगळं कापलं जायचं. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "असू दे बाळा, परत सांगतो." आणि दीड तास फोनवर पुन्हा सांगितलं, मी लिहून घेतलं. पुढच्या रविवारी अख्खा डेटाबेस चार बाइट घेणाऱ्या यूटीएफ८एमबी४ वर नेला, म्हणजे पुन्हा कोणाचं कापलं जाऊ नये.

काका २०१९ मध्ये गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ती अठ्ठावीस पानं मूळ स्वरूपात कुठेच नाहीत, घर आवरताना गेली असं नातू सांगतो. ती फक्त आमच्या सर्व्हरवर आहेत, आणि त्या बॅकअपमध्ये ज्याचे वर्षाला ६,००० मी भरतो. मालेगावच्या गृहस्थांना काल रात्री सर्किटसोबत जे हवं होतं ते त्यांतलंच एक पान होतं.

तेव्हा मला "छंद आहे तुमचा, खर्च होणारच" असं सांगू नका. माझा छंद रेडिओ आहे. रात्री तीन वाजता बॉटच्या रेंजा बंद करत बसणं कोणाचाच छंद नसतो. त्यावर कायद्याचं ओझं वेगळंच, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी हवा, चोवीस तासांत पोच हवी, म्हणून तिथेही माझंच नाव. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय, तर निदान लष्कराने पीठ तरी द्यावं!

आणि सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? आमच्याच साइटवर एक धागा आहे, जुन्या रेडिओ लायसन्सच्या आठवणींचा. दोनशेच्या वर प्रतिसाद. वडील दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओची फी कशी भरायचे, त्या छोट्या पुस्तकात तिकिटं कशी चिकटवली जायची, मुदत चुकली की दंडाची धास्ती कशी असायची. लोकांनी ती पुस्तकं जपून ठेवलीत, त्यांचे फोटो टाकलेत. ओढग्रस्तीच्या पगारातून त्यांचे वडील ऐकण्याचे पैसे भरत होते, याचा त्यांना अभिमान आहे. असायलाच हवा. मी काल त्या धाग्यातली नावं वर्गणीच्या यादीशी ताडून पाहिली. दोन सापडली. दोन!

माणशी दहा रुपये महिना मागत नाही मी. चार हजारांतल्या चारशेंनी वर्षाला शंभर दिले तरी सर्व्हर, बॅकअप, सगळं भागून वर उरतं. शंभर रुपयांत आज एक चांगला कंडेन्सर येतो की नाही, ते तुम्हीच सांगा.

या वेळी मी वर्षाचे पैसे भरलेले नाहीत. तीन महिन्यांचे भरले आहेत. काकांची अठ्ठावीस पानं आणि सगळी सर्किटं एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतली आहेत, ती कपाटात ठेवली आहे. हिशेबाचं पान आज सकाळी साइटच्या अगदी वर चिकटवलं, त्यात यूपीआयचा कोड आहे. आता संध्याकाळचे सात वाजलेत. पान ३१२ जणांनी उघडलं. चौघांनी पैसे पाठवले. हिशेब मागणारे महाशय त्यात नाहीत.